खालच्या ओळीतला तिसरा मोती

सिंकमध्ये पडलेला मोती नीट दिसावा म्हणून दिगंबर खानविलकरांनी दिव्याचं बटण दाबलं. ते दिव्याचं नव्हतं.

अमेरिकेतल्या स्वयंपाकघरात सिंकच्या नळीला खाली एक चक्की बसवलेली असते. उष्टंखरकटं तिच्यात लोटायचं, भिंतीवरचं बटण दाबायचं, की ती सगळं भरडून गटारात सोडून देते. हे बटण दिव्याच्या बटणाला अगदी खेटून का बसवतात, हे कुणी सांगू शकत नाही. पण न्यू जर्सीत, आयसेलिनच्या त्या घरात दिगंबरराव एकोणीस वर्षं राहत होते, आणि एकोणीस वर्षांत माणसाला आपल्या भिंतीवरची दोन बटणं ओळखता यायला हरकत नव्हती. चक्की 'खर्र' असा एकदाच आवाज करून मोकळी फिरायला लागली. मोती भरडायला फार वेळ लागत नाही, ही माहिती त्यांना त्या सकाळी नव्यानेच मिळाली.

त्यातून दिगंबररावांचा पेशा असा, की इतरांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. 'युजर चुकून दुसरं बटण दाबेल, तेव्हा काय होईल?' हा प्रश्न विचारण्याचाच ते पगार घेत. हाताखालची मुलं त्यांना वचकून असत.

मोती होता त्यांच्या बायकोच्या, उल्काच्या नथीतला. नथ उल्काच्या आईची, साताऱ्याहून आलेली. वरच्या ओळीत खडे, खालच्या ओळीत किंचित पिवळसर झाक असलेले पाच खरे समुद्री मोती, आणि चापाची नव्हे, नाक टोचूनच घालायची. "तार सैल झालीय, ओक ट्री रोडवर सोनाराकडे टाकून या," एवढंच उल्काने सांगितलं होतं. एवढ्यासाठी सोनार कशाला, असं दिगंबररावांना वाटलं. त्यांनी एक व्हिडिओ पाहिला, उल्काचा भुवया कोरायचा चिमटा घेतला आणि उजेड चांगला म्हणून सिंकपाशी उभे राहिले. पुढचं वर आलंच आहे.

आवाज ऐकून उल्का आली. तिने सिंकमध्ये पाहिलं. नथीकडे पाहिलं. खालच्या ओळीतला तिसरा मोती नव्हता. पाच दातांमधला मधला पडावा, तसं ते दिसत होतं. ती म्हणाली, "असू दे."

लग्नाला तीस वर्षं झालेल्या माणसाला 'असू दे'चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्या दिवसापासून तिचं बोलणं एकेका शब्दावर आलं. "दूध." "कचरा." "फोन." दिगंबररावांनी माफी मागितली, पुन्हा मागितली, एक दिवस न सांगता भांडी घासली. "असू दे."

खरा प्रश्न हिमानीचा होता. हिमानी त्यांची एकुलती एक मुलगी. सत्तावीस वर्षांची, फिलाडेल्फियात ॲम्ब्युलन्सवर पॅरामेडिक. लहानपणी मराठी शाळेत दोन रविवार गेली आणि तिसऱ्या रविवारी गाडीतून उतरलीच नाही. तिचं लग्न ऑक्टोबरात होतं. रुखवताचा विषय निघाला तेव्हा ती "बट व्हॉट इज इट फॉर?" म्हणाली होती, आणि त्याचं उत्तर घरात कुणालाच देता आलं नव्हतं. अशा मुलीने जुलैत आपणहून विचारलं होतं, "आई, आजीची ती नोज थिंग आहे ना, मी घालू का वेडिंगला?" आणि उत्तराची वाट न बघता गोंदणाच्या दुकानात जाऊन नाक टोचून घेतलं होतं. त्या दिवशी उल्काने तीन मैत्रिणींना फोन केले होते.

दिगंबररावांनी भीत भीत हिमानीला कळवलं. "बाबा, इट्स फाइन," हिमानी म्हणाली. "एक पर्ल नसला तर हू केअर्स." मग म्हणाली, "आई ओके आहे का?" ती रागावली असती तर परवडलं असतं, असं त्यांना वाटलं.

बातमी कॉलनीत पसरली. पहिले आले मनोहरकाका देशमुख. दोन घरं सोडून राहणारे, मूळचे नागपूरचे, निवृत्त होऊन अकरा वर्षं झालेली आणि तेव्हापासून सल्ला देण्याचं काम पूर्ण वेळ हाती घेतलेले.

"आधी उरलेले खरे आहेत का ते तर पाहा बापा," काका म्हणाले. "मोती दातावर घासायचा. खरखर लागला तर खरा, गुळगुळीत लागला तर प्लास्टिक." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी नथ तोंडाशी नेऊन घासली. "खरा आहे." मग सोबत आलेल्या काकूंनी घासून पाहिली. शेजारची प्रीता सहज साखर मागायला आली होती, तीही घासून गेली. सगळ्यांचं एकमत झालं. उल्काने नथ उचलली, कोमट पाण्यात साबण कालवला आणि ती तीनदा धुतली.

ओक ट्री रोडवरच्या सोनाराने भिंग लावून नथ पाहिली आणि मान हलवली. "भाईसाब, ये पुराना माल है. अभी आता नहीं." त्याने एक नवा, शेतीतला, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला मोती लावून दाखवला. पांढराशुभ्र, गोल गरगरीत. कवळीचा एकच दात बसवल्यासारखा तो इतर चौघांत उठून दिसत होता. "किसी को पता नहीं चलेगा," सोनार म्हणाला. उल्काने दिगंबररावांकडे पाहिलं. त्यांनी तो काढायला लावला.

त्याच संध्याकाळी मनोहरकाका एक कागद फडकवत आले. दातांच्या दवाखान्यात बसल्या बसल्या त्यांनी एका मासिकातून फाडून आणलेलं ते अर्धं पान होतं. वर मथळा होता : 'हालेमोमी : अमेरिकेचं विसरलेलं मोत्यांचं गाव.' हवाईच्या एका धाकट्या बेटावर, प्रशांत महासागराच्या काठी. शंभर वर्षांपूर्वी तिथे पाणबुडे शिंपले काढत, जपानहून, फिलिपीन्सहून माणसं येत, बंदरात तीसतीस गलबतं लागत. आजही गावातल्या जुन्या घरांत...

"पुढे?" दिगंबररावांनी विचारलं.

"पुढचं त्या बाजूला राहिलं. नर्सने हाक मारली ना माझ्या नावाची."

आजही गावातल्या जुन्या घरांत काय? दिगंबररावांच्या मते त्या वाक्याचा शेवट एकच होऊ शकत होता.

त्यांनी हालेमोमीच्या म्युझियमला फोन लावला. उचलला कुणीच नाही. एक रेकॉर्ड केलेला पुरुषी आवाज म्हणाला, "पर्ल गुरुवार ते शनिवार, दहा ते दोन या वेळात उपलब्ध." दिगंबररावांनी हे लिहून घेतलं. मग त्यांनी स्पीकर लावून तिथल्या एकमेव मोटेलला फोन केला. मालकाचं नाव कीमो.

"तुमच्याकडे पर्ल आहे असं कळलं," दिगंबरराव त्याला इंग्रजीत म्हणाले.

"आहे की. तिला कोण ओळखत नाही!"

अमेरिकन माणूस बोटीला 'ती' म्हणतो, वादळाला 'ती' म्हणतो, तेव्हा मोत्यालाही म्हणत असेल, अशी दिगंबररावांनी मनाची समजूत घातली. "जुनी आहे का?"

"चौऱ्यांशी वर्षांची."

"नैसर्गिक? म्हणजे, काही बाहेरून बसवलेलं वगैरे नाही ना?"

"एक गुडघा बदललाय," तो म्हणाला.

लाइन खराब होती. 'गुडघा' ही मोत्याच्या धंद्यातली काहीतरी संज्ञा असावी असं धरून दिगंबररावांनी शेवटचा प्रश्न विचारला, "दिवसाच्या उजेडात हातात घेऊन बघता येईल?"

"मिस्टर," कीमो म्हणाला, "ते तुम्ही तिलाच विचारा," आणि त्याने फोन ठेवला. खोली मात्र त्याने राखून ठेवली होती. गिऱ्हाईक त्याला रोज कुठे मिळत होतं?

तिकिटं काढताना उल्का मागे येऊन उभी राहिली. "मी येते," ती म्हणाली. नऊ दिवसांतलं ते तिचं सर्वांत मोठं वाक्य होतं. ती मदतीला येतेय की साक्षीदार म्हणून, हे दिगंबररावांना शेवटपर्यंत कळलं नाही.

नूअर्कहून होनोलूलू अकरा तास. उतरण्याआधी एक फॉर्म भरायचा असतो : सोबत झाडं, फळं, बिया, प्राणी किंवा प्राणिजन्य काही आहे का? या फॉर्मवर लोक डोळे झाकून 'नाही' लिहितात. दिगंबरराव डोळे झाकून काहीच लिहीत नसत. मोती शिंपल्यात होतो. शिंपल्यात प्राणी असतो. म्हणजे मोती प्राणिजन्य. त्यांनी 'होय' लिहिलं आणि पुढच्या रकान्यात 'संख्या : चार (मुळात पाच)' असं नोंदवलं.

विमानतळावरच्या तपासनीस बाईंनी त्यांना बाजूला घेतलं.

"चार काय आहेत, सर?"

"मोती. नथीतले."

"जिवंत आहेत?"

"नाही."

"मग पाचव्याचं काय झालं?"

दिगंबररावांनी सांगितलं. बाईंनी सहानुभूतीने मान हलवली आणि मग त्यांची बॅग उघडली. मोत्यांबद्दल काही तक्रार नव्हती. पण मनोहरकाकूंनी 'तिथे काही मिळणार नाही हो' म्हणून बॅगेत सारलेली कढीपत्त्याची जुडी निघाली. ती फॉर्मवर नव्हती. प्रामाणिकपणासाठी हौसेने पुढे झालेल्या माणसाला तिथे उभं राहून 'लपवून आणलेली वनस्पती' असं लिहिलेल्या कागदावर सही करावी लागली. उल्का बाजूला उभी राहून छताकडे पाहत होती.

पुढचं विमान आठ खुर्च्यांचं होतं. वैमानिक, सामान चढवणारी आणि तिकीट तपासणारी ही एकच बाई होती. साठीची, उन्हाने रापलेली. नाव डोरीन. तिने जमिनीवरच्या वजनकाट्याकडे बोट दाखवलं.

दिगंबररावांनी बॅग ठेवली.

"बॅग झाली. आता तुम्ही."

"मी?"

"छोटं विमान आहे. कुणाला कुठे बसवायचं ते वजनावर ठरतं."

दिगंबरराव चढले, उतरले. मग उल्का. तीस वर्षांच्या संसारात हा आकडा दिगंबररावांना कधी कळला नव्हता, आणि कळावा अशी त्यांची इच्छाही नव्हती. डोरीनने तो खणखणीत आवाजात वाचला, वहीत लिहिला, आणि रांगेतल्या सहाही उतारूंच्या देखत म्हणाली, "तुम्ही मधे बसा, हनी. तुम्ही असलात की विमान स्थिर राहील."

पाऊण तासाच्या त्या प्रवासात दिगंबररावांनी खिडकीतून निळाशार समुद्र पाहिला. मधल्या खुर्चीकडे पाहण्याचं धाडस त्यांना झालं नाही.

हालेमोमी म्हणजे एक रस्ता, एक चर्च, एक पेट्रोलपंप, एक लाँड्री आणि लांबच लांब मोकळा धक्का. नारळ, पपया, आणि कोंबड्या इतक्या की रस्ता त्यांचा आणि माणसं पाहुणी. 'मोमी' म्हणजे हवाईच्या भाषेत मोती, हे मोटेलच्या पाटीवरच लिहिलं होतं. रस्त्याचं नाव मोती रस्ता. चर्चचं नाव मोतीमाता. पेट्रोलपंपावरही शिंपल्याचं चित्र. दिगंबररावांच्या छातीत आशा दाटून आली.

गुरुवारी दहाला ते दोघं म्युझियमपाशी हजर झाले. दाराला कुलूप. समोर कीमो झाडांना पाणी घालत होता.

"पर्ल आहे ना आज?" दिगंबररावांनी विचारलं.

"दाताच्या डॉक्टरकडे गेलीय. शेजारच्या बेटावर. उद्या येईल."

दिगंबररावांनी उल्काकडे पाहिलं. मोती दातावर घासतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यासाठी तो डॉक्टरकडे पाठवत असतील, असं काही त्यांच्या वाचनात आलं नव्हतं.

उल्काने तोंड उघडलं. "अहो," ती म्हणाली, "पर्ल बाई आहे."

वय चौऱ्यांशी. गुडघा. दिवसाच्या उजेडात हातात घेऊन. एकेक वाक्य दिगंबररावांना आठवत गेलं आणि कानांच्या पाळ्या गरम होत गेल्या. "तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं. "फोनवरच," उल्का म्हणाली.

शुक्रवारी पर्लबाई आल्या. पर्ल हिराओका. बुटक्या, ताठ, पायांत रबरी चपला. त्यांचे आजोबा इथे पाणबुडे होते. "तुम्हीच का ते," दिगंबररावांना नखशिखांत न्याहाळत त्या म्हणाल्या, "माझी चौकशी करणारे?" दिगंबररावांनी समुद्राकडे पाहिलं. पर्लबाई खो खो हसल्या आणि त्यांनी कुलूप काढलं.

म्युझियम म्हणजे एकच खोली. भिंतीवर गलबतांचे फोटो, कोपऱ्यात पाणबुड्यांचा तांब्याचा टोप. आणि टेबलावर, कपाटात, काचेखाली, बरण्यांत, पुठ्ठ्यांवर शिवलेली, रंगानुसार लावलेली, मापानुसार लावलेली, दोन भोकांची, चार भोकांची... बटणं. सदऱ्याची बटणं. हजारो.

"मोती?" दिगंबररावांनी विचारलं.

"मोती कुणाला हवे होते!" पर्लबाई म्हणाल्या. "शिंपला हवा असायचा. आतल्या चकचकीत थरातून बटणं कापायची आणि जगभर पाठवायची. मग प्लास्टिक आलं, आणि आमचं गाव बसलं."

भिंतीवर एक चौकट होती. तिच्यात तेच मासिकाचं पान, अख्खं. 'आजही गावातल्या जुन्या घरांत बटणांनी भरलेले डबे सापडतात.' दिगंबररावांनी ते वाक्य दोनदा वाचलं. पाच हजार मैल येऊन त्यांनी जे गाठलं होतं, ते बटणांचं गाव होतं. एका बटणाने सुरू झालेलं हे सगळं प्रकरण, आणि आता समोर बटणंच बटणं. त्यांना एकदम बसावंसं वाटलं. खुर्ची एकच होती आणि तिच्यावर 'वस्तूंना हात लावू नये' असं लिहिलेलं होतं.

तेव्हा उल्का पुढे झाली. तिने पर्समधून डबी काढली, डबीतून नथ, आणि ती पर्लबाईंच्या हातावर ठेवली. पर्लबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून ती उजेडात धरली. रिकाम्या जागेवर बोट टेकवलं. मग मागच्या कपाटातून त्यांनी लोणच्याची एक जुनी बरणी आणली. तळाशी मूठभर बारके, वेडेवाकडे मोती होते.

"शिंपला उघडताना कधीमधी एखादा निघायचा. आजोबा आम्हाला खेळायला देत. त्यांना काही किंमत नव्हती."

दोघींनी कागद पसरून मोती ओतले. उल्काने एकेक नथीशी धरून पाहिला. सतरावा की अठरावा असेल. पिवळसर, एका अंगाने जरा चपटा. तो जागेवर टेकवला आणि दिगंबररावांना क्षणभर कळेना की नवा कुठला.

"हाच," ते पुढे सरसावले.

"हात लावू नका," दोघी एकदम म्हणाल्या. एक मराठीत, एक इंग्रजीत.

पण मोती देता येणार नव्हता. बरणी म्युझियमच्या नोंदवहीत चढलेली होती. नोंदलेली वस्तू विकता येत नाही, देता येत नाही. तसं करायचं तर मंडळाची सभा घ्यावी लागते. सभा महिन्याच्या पहिल्या सोमवारी. ती याच सोमवारी होऊन गेली होती.

"खास सभा बोलावता येत नाही?" दिगंबररावांनी विचारलं.

"येते की. मंडळाच्या तिन्ही सभासदांना लेखी सूचना द्यायची. चोवीस तास आधी."

"सभासद कोण?"

"मी. कीमो. आणि डोरीन."

वजनकाट्यावरचा आकडा दोघांच्याही डोळ्यांपुढे एकाच वेळी उभा राहिला असावा.

सभा शनिवारी दुपारी लाँड्रीत भरली. तिथे पंखा होता आणि डोरीनचे कपडे मशीनमध्ये होते. दिगंबररावांनी आदल्या रात्री बसून निवेदन तयार केलं होतं. प्रस्तावना, समस्येचं स्वरूप, तीन पर्याय, प्रत्येकाचे फायदे-तोटे. ते उभे राहिले. "माननीय सभासद," त्यांनी सुरुवात केली, आणि त्याच क्षणी मशीन कपडे पिळायला लागलं. पहिले दोन मुद्दे कुणालाच ऐकू गेले नाहीत. तिसऱ्या मुद्द्याला डोरीनने हात वर केला.

"हे घालतात कसं?"

दिगंबररावांच्या निवेदनात हे नव्हतं. उल्का उठली. कपडे सुकवायच्या मशीनच्या गोल काचेत पाहत तिने नथ नाकात चढवली आणि वळली. अंगात साधा कुडता, पायांत मोटेलच्या सपाता, कपाळावर घाम. डोरीनचा हात अजून वरच होता.

"माझ्या आईने मला ही पुण्याला विमानतळावर दिली," उल्का इंग्रजीत म्हणाली. सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी. "ती शाळेत गाणं शिकवायची. दोनच दागिने होते तिच्याकडे. मी इथे अठ्ठावीस वर्षांत ही चार वेळा घातली. बाकी सगळा वेळ बँकेत. हरवेल, चोरीला जाईल, खराब होईल. इतकी जपली की माझ्या मुलीने ती धड पाहिलीसुद्धा नाही. आणि तिलाच ती हवी झाली. बाकी आमचं काहीच नको म्हणाली, आणि हे मागितलं."

तिने नथीतल्या रिकाम्या जागेला बोट लावलं.

"मला वाटलं, देण्याआधी तार घट्ट करावी. मी हेअरपिनने दाबली. ती वाकली. मोती हलायला लागला. मला कुणाला सांगवेना, म्हणून नवऱ्याला सांगितलं, सोनाराकडे टाकून या. तो त्याच्या हातून पडला, पण सैल मी केला होता. तो रोज माफी मागतो आणि मला तोंड उघडता येत नाही."

दिगंबरराव हातातल्या तीन पर्यायांच्या कागदाकडे पाहत होते. गेले तेरा दिवस ते स्वतःला अपराधी समजून भांडी घासत होते. आता निम्मा अपराध परत मिळाला होता आणि त्याचं काय करायचं ते त्यांना समजेना. रागवावं, तर उल्काच्या डोळ्यांत पाणी होतं. हायसं वाटावं, तर बटण त्यांनीच दाबलं होतं. शेवटी त्यांनी खिशातला रुमाल काढून तिच्यापुढे धरला. तो आदल्या दिवशी जेवताना वापरलेला होता. तिने तो घेतला.

"मला सांगायचंस ना," ते मराठीत म्हणाले.

"तुम्ही बोलू कुठे देत होता? सॉरी, सॉरी, सॉरी. सारखं आपलं सॉरी."

"काय म्हणतायत ते?" कीमोने विचारलं.

"भांडतायत," डोरीन म्हणाली. "बरं झालं."

मग चर्चा झाली. विकायचा नाही, नियम आहे. भेट द्यायचा नाही, नियम आहे. कीमोने सुचवलं की बरणी चुकून सांडली असं दाखवू. पर्लबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने सूचना मागे घेतली. शेवटी डोरीन म्हणाली, "पण उसना तर देता येतो. मोठी म्युझियमं एकमेकांना देतात की." पर्लबाईंनी नियमांची वही चाळली. उसना देण्याबद्दल एक कलम होतं. ते आजवर कधी वापरलं गेलं नव्हतं, आणि मुदत किती ते त्यात लिहायचं राहून गेलं होतं. तीन विरुद्ध शून्य मतांनी ठराव मंजूर झाला.

तर नथीतला खालच्या ओळीतला तिसरा मोती आजही कागदोपत्री हालेमोमी म्युझियमच्या मालकीचा आहे. त्याला क्रमांक आहे. त्याच्या पावतीवर 'उसना घेणारी संस्था' या रकान्यात 'खानविलकर' असं लिहिलेलं आहे. परतताना डोरीनने पुन्हा काटा मांडला, तेव्हा उल्का आपणहून चढली आणि आकडा तिने स्वतःच वाचला. ओक ट्री रोडच्या सोनाराने पाच मिनिटांत तार बसवली. दिगंबररावांना बाहेर गाडीत थांबायला सांगितलं होतं.

लग्नात हिमानीने पांढरा गाउन घातला आणि त्यावर नथ. मनोहरकाकूंचा चेहरा ते पाहून जरा वेडावाकडा झाला. मनोहरकाकांनी प्रत्येक पाहुण्याला गाठून सांगितलं की गावाचा शोध मूळ त्यांचा. उल्का त्या दिवशी इतकं बोलली की रात्री तिचा घसा बसला.

जानेवारीत म्युझियमकडून पाकीट आलं. उसन्या वस्तूबद्दल वार्षिक अहवाल भरून पाठवायचा होता. पर्लबाईंनी सोबत चार ओळींचं पत्र आणि पुठ्ठ्यावर शिवलेली अर्धा डझन बटणं पाठवली होती. दिगंबररावांनी रविवारी दुपारी टेबल साफ केलं, चष्मा पुसला आणि पेन उघडलं. 'वस्तूची स्थिती : चांगली.' पुढचा प्रश्न होता, 'वस्तू या क्षणी नेमकी कुठे आहे?' या क्षणी म्हणजे या क्षणी. अंदाजाने लिहिणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी हिमानीला फोन लावून स्पीकर सुरू केला.

"वस्तू कुठे आहे?"

"व्हॉट वस्तू? बाबा, मी ग्रोसरी स्टोअरमध्ये आहे. लाइनमध्ये."

"मोती गं. नथीतला."

"ओ. घातलीय ना. आज सुट्टी आहे माझी."

"दुकानात? नथ?"

"येस. जीन्सवर. सुट्टीच्या दिवशी घालतेच मी. व्हाय, नाही घालायची का?"

काय उत्तर द्यावं, नियम काय म्हणतो, हवेतल्या दमटपणाचं काय, अशा विचारात दिगंबररावांचं पेन कागदावर तसंच अधांतरी राहिलं. उल्काने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. "घाल गं," ती फोनला म्हणाली, आणि ठिकाणाच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं, 'नाक.' खालच्या प्रश्नात दोन चौकोन होते. वस्तू बंद कपाटात ठेवली आहे, की सर्वांना पाहायला मांडली आहे? उल्काने दुसऱ्या चौकोनात खूण केली, ती फिकट वाटली म्हणून पुन्हा एकदा गिरवली, आणि सहीसाठी कागद नवऱ्यापुढे सरकवला.